टेकडीवरची टाकी, नदीकाठचा पंप

नदीकाठच्या विहिरीवर पंप, गावामागच्या टेकडीवर टाकी आणि दोन्हींच्या मध्ये तीनेक किलोमीटरचे शिवार. आपल्याकडच्या कितीतरी गावांच्या नळपाणी योजना अशाच आहेत. टाकी भरली हे वर टेकडीवर कळते, पंप बंद करायचा असतो खाली नदीकाठी. एवढी एक बातमी वेळेवर खाली पोचत नाही म्हणून टाकी वाहत राहते. उलटही होते. टाकी रिकामी झाल्याचे ध्यानात येईपर्यंत लाईट गेलेली असते आणि त्या दिवशी नळ कोरडे राहतात. पाणी सोडणाऱ्या माणसाने टेकडी चढून टाकीत डोकावून यायचे, हा त्यावरचा जुना उपाय आजही अनेक ठिकाणी चालू आहे.

बातमी तरी केवढी? टाकीत किती टक्के पाणी आहे, हा एक आकडा. त्यासाठी तीन किलोमीटर तार ओढली तर ती नांगराखाली तुटते, चोरीला जाते आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्ही टोकांची उपकरणे जळतात. मोबाईलच्या सिमवर चालणारे स्टार्टर आता गावोगाव पोचले आहेत आणि रेंज चांगली असेल तिथे ते चोख काम करतात. पण रेंज नसलेले खोरे, संपलेला रिचार्ज आणि वीज गेल्यावर काही तासांत बंद पडणारा टॉवर या गोष्टी गावाच्या हातात नसतात. दोन्ही टोके आपल्याच ताब्यात असतील असा दुवा हवा असेल तर रेडिओ मोडेम हा मार्ग आहे. तो एका बाजूने तारेवरून अक्षरे घेतो, अँटेनातून रेडिओ लहरींवर ती पाठवतो आणि दूरच्या टोकाचा जोडीदार मोडेम ती पुन्हा अक्षरे करून तारेवर देतो. महिन्याचे भाडे नाही, मधे कोणती कंपनी नाही.

हे उपकरण हाताळणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो ताकदीचा: किती वॉटचा आहे, किती किलोमीटर जाईल? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. रेडिओचा दुवा भरवशाचा होतो तो निरोप मधे हरवणारच हे गृहीत धरून सगळी मांडणी केल्यामुळे. ही समज पन्नास वर्षांहून जुनी आहे आणि ती नेमकी अशाच अडचणीतून आलेली आहे.

हवाई बेटांवरच्या विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर होता आणि त्याचा वापर करू पाहणारी ठिकाणे वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली होती. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९७१ मध्ये रेडिओवरून चालणारे ‘अलोहानेट’ सुरू केले. संगणकाकडे येणारे निरोप ४०७.३५ मेगाहर्ट्झवर, संगणकाकडून जाणारे ४१३.४७५ मेगाहर्ट्झवर, वेग सेकंदाला ९,६०० बिट. अडचण अशी की येणारी वाट सगळ्यांना मिळून एकच होती. दोघे एकदम बोलले तर दोघांचाही निरोप नासणार. अब्रामसनांनी पाळी ठरवून देण्याच्या भानगडीत न पडता साधा नियम केला: ज्याला पाठवायचे आहे त्याने पाठवावे, पोच आली नाही तर निरोप हरवला असे समजावे, आणि मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा पाठवावे. थांबण्याचा वेळ प्रत्येकाचा वेगळा पडतो, म्हणून दुसऱ्यांदा टक्कर होण्याची शक्यता घटते. या पद्धतीत वाहिनीच्या एकूण क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८.४ टक्के वापरता येते, हेही गणिताने सिद्ध झाले. हे प्रमाण कमी वाटेल, पण ज्या वाहिनीवर अधूनमधून दोन-चार अक्षरेच जायची आहेत तिथे ते भरपूर आहे. पुढे रॉबर्ट मेटकाफ यांनी याच कल्पनेवरून ईथरनेटची जुळणी केली. आज टेकडीवरच्या टाकीशी बोलणारा मोडेम वेगळ्या जातीचा आहे, पण पोच आणि फेरपाठवणी या दोन गोष्टींशिवाय त्याचेही चालत नाही.

वेगळी जात म्हणजे ‘लोरा’. फ्रान्सच्या ग्रनोबल शहरातल्या सायक्लिओ या छोट्या कंपनीने हे तंत्र विकसित केले आणि २०१२ मध्ये सेमटेक या अमेरिकी कंपनीने ती कंपनी विकत घेतली. जुन्या मोडेममध्ये शून्यासाठी एक आणि एकासाठी दुसरी अशा ठरावीक कंप्रता असत. लोरामध्ये कंप्रता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग चढत जाते, गायक एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत जातो तशी. मींड कुठल्या सुरापासून सुरू झाली, यात निरोप दडलेला असतो. ही चढण किती सावकाश घ्यायची ते ‘स्प्रेडिंग फॅक्टर’ या ७ ते १२ पर्यंतच्या आकड्याने ठरते. आकडा जितका मोठा, तितकी चढण सावकाश आणि कान तितका तिखट. १२ या आकड्यावर आसपासच्या विद्युत गोंगाटाहून शंभर पटीने क्षीण असलेला संदेशही ओळखता येतो. जुन्या पद्धतीच्या मोडेमला हे साधत नाही.

त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. १२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीवर दहा अक्षरांचा निरोप ७ या आकड्याने पाठवला तर सुमारे ४१ मिलिसेकंद हवेत राहतो. तोच १२ ने पाठवला तर जवळजवळ पूर्ण सेकंद घेतो, म्हणजे चोवीस पट. तितका वेळ वाहिनी अडते, बॅटरी खर्च होते आणि दुसऱ्या कुणाशी टक्कर होण्याची शक्यताही तितकीच वाढते. म्हणून सगळ्यात लांब पल्ल्याची जुळणी सगळ्यात चांगली असे नसते. निरोप व्यवस्थित पोचवणारा सगळ्यात छोटा आकडा शोधायचा आणि तिथेच थांबायचे. काही मोडेममध्ये हा आकडा थेट बदलता येतो, काहींत ‘एअर रेट’ म्हणजे हवेतला वेग अशा नावाने तो आडून बदलतो. वेग कमी केला की पल्ला वाढतो.

खरेदीच्या आधी कायदा पाहायला हवा, कारण बाजारात जे मिळते ते सगळे वापरता येते असे नाही. रेडिओ लहरींचे वाटप आपल्याकडे दूरसंचार खात्याचा डब्ल्यूपीसी हा विभाग पाहतो. कमी ताकदीच्या उपकरणांसाठी काही पट्टे परवान्यावाचून खुले आहेत. बाहेर, मैदानात वापरण्याजोगा पट्टा आहे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा. तो २००५ मध्ये खुला झाला आणि पुढे त्याची हद्द ८६८ पर्यंत वाढली. २००५ च्या नियमात मर्यादा अशा आहेत: प्रक्षेपकाची ताकद १ वॉटपर्यंत, अँटेनाच्या लाभासह ४ वॉटपर्यंत, आणि लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत. म्हणून मोडेममध्ये ही रुंदी म्हणजे बँडविड्थ १२५ वर ठेवावी, २५० किंवा ५०० वर नेऊ नये. स्वस्तात मिळतात म्हणून ४३३ मेगाहर्ट्झचे मोडेम बरेच जण शेतात लावतात. पण त्या पट्ट्यातली सवलत घरातल्या वापरापुरती आणि १० मिलिवॉट एवढ्या ताकदीपुरती आहे. टेकडीवर उंच काठी लावून ४३३ वर संदेश पाठवणे त्यात बसत नाही. सार्वजनिक पाण्याच्या योजनेत तरी हा मोह टाळावा. मोडेमला सरकारी मान्यता आहे का, हेही विक्रेत्याला विचारून घ्यावे.

८६५ च्या पट्ट्यात आपण एकटे नसतो. टोलनाक्यावर काचेवरचा फास्टॅग वाचणारी यंत्रे याच पट्ट्यात चालतात. वरच्या बाजूला ८६९ पासून मोबाईल टॉवरचा खाली येणारा संदेश सुरू होतो आणि टॉवरची ताकद आपल्या मोडेमच्या कितीतरी पट असते. टाकीच्या टेकडीवरच टॉवर उभा असेल, आणि उंच जागा म्हणून तो बहुधा तिथेच असतो, तर आपला अँटेना त्याच्यापासून शक्य तितका दूर आणि टाकीच्या आडोशाला लावावा. कारण न कळता निरोप गळत असतील तर आधी टॉवरकडे पाहावे.

आता जागा. माझ्या मते दुव्याचे निम्म्याहून अधिक भवितव्य इथे ठरते.

हिशेब कागदावर फार सुखद दिसतो. १०० मिलिवॉट ताकद म्हणजे २० डीबीएम. मोकळ्या आकाशात तीन किलोमीटरमध्ये ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीचा १०१ डीबी ऱ्हास होतो. दोन्ही टोकांच्या साध्या अँटेनांचे दोन-दोन डीबी परत मिळवले तर दूरच्या टोकाला उणे ७७ डीबीएम मिळायला हवेत. आणि लोराचा कान? स्प्रेडिंग फॅक्टर ७ वर उणे १२३ च्या आसपास, १२ वर उणे १३७ पर्यंत. एका वॉटचे दहा लाख अब्ज भाग करून त्यातला एक घेतला तर तो होतो उणे १२० डीबीएम. म्हणजे त्याहूनही क्षीण संदेश हा चिमुकला मोडेम ऐकतो. पन्नास-साठ डीबी हाताशी शिल्लक दिसतात, आणि याच हिशेबाच्या जोरावर खोक्यावर ‘आठ किलोमीटर’, ‘पंधरा किलोमीटर’ असे छापले जाते.

शिवारात मोकळे आकाश नसते. दोन अँटेना एकमेकांना दिसतात एवढ्याने भागत नाही. लहर एका रेषेतून जात नाही, तिला मध्यावर फुगलेली लांबट जागा लागते. ऑग्युस्तॅं फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. तीन किलोमीटरच्या दुव्यात ८६६ मेगाहर्ट्झला या जागेची मध्यावरची त्रिज्या सुमारे १६ मीटर भरते आणि तिच्यातला निदान साठ टक्के भाग, म्हणजे जवळपास दहा मीटर, मोकळा असावा लागतो. टाकी टेकडीवर आहे म्हणून तिकडचे टोक उंच असते, पण पंपघर नदीच्या पात्रालगत, खोलगट जागी, भोवती ऊस आणि बांधावर आंबा-चिंच. अडचण नेहमी याच टोकाला असते. पंपघराच्या पत्र्यावर वीतभर अँटेना ठेवून दुवा जुळला तरी तो निसटता जुळलेला असतो. तिथे सहा-आठ मीटरचा लोखंडी पाइप उभा करून अँटेना वर नेला की जो फरक पडतो तो मोडेमची ताकद दुप्पट करूनही पडत नाही. ताकद दुप्पट केल्याने फक्त तीन डीबी मिळतात.

ऋतूचाही विचार हवा. अशी कामे बहुधा उन्हाळ्यात होतात. ऊस तुटलेला असतो, झाडे निष्पर्ण असतात, जमीन कोरडी असते. चाचणी उत्तम होते. मग पाऊस पडतो, ऊस पुरुषभर वाढतो, पानापानांत पाणी असते, आणि पाणी भरलेली हिरवळ लहरी शोषते. ऑगस्टमध्ये निरोप गळू लागतात आणि सगळे मोडेमला दोष देतात. म्हणून चाचणीच्या वेळी हाताशी शिल्लक मोजून ठेवावी. तिची एक सोपी युक्ती आहे. मोडेमची ताकद २० वरून १० डीबीएमवर आणावी, म्हणजे दहापट कमी करावी, आणि क्रमांक घातलेले शंभर निरोप पाठवून किती पोचले ते मोजावे. दहापट कमी ताकदीतही जवळजवळ सगळे पोचले तर ताकद पुन्हा २० वर नेल्यावर आपल्यापाशी किमान दहा डीबी राखीव आहेत. निम्मेच पोचले तर अँटेना आणखी उंच न्यावा. डोंगर मधेच येत असेल तर मात्र उंची आणि ताकद दोन्हींचा उपयोग नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत टाकी एका खोऱ्यात आणि विहीर दुसऱ्या खोऱ्यात असते, तेव्हा खिंडीत किंवा सड्यावर दोन्हीकडे दिसेल असा तिसरा मोडेम बसवून निरोप पुढे ढकलावा लागतो. त्याला सौर पॅनेल लागते, राखण लागते आणि प्रत्येक निरोप दोनदा हवेत जातो. तरी काही ठिकाणी दुसरा मार्गच नसतो.

अँटेना पट्ट्याला साजेसाच हवा. ८६६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर लांब, म्हणून तिची पाव लांबी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. ४३३ चा अँटेना याच्या दुप्पट असतो, दिसायला तसाच असतो आणि पिशवीत सहज मिसळतो. दोन्ही टोकांचे अँटेना उभेच असावेत. एक उभा आणि एक आडवा केला तर आलेल्या संदेशातला मोठा भाग वाया जातो. जास्त लाभाचा लांब काठीसारखा अँटेना घेताना जपून घ्यावे, कारण तो ताकद क्षितिजाकडे दाबून पाठवतो. टाकी उंच कड्यावर आणि पंप थेट त्याच्या पायथ्याशी असेल तर लहर डोक्यावरून निघून जाते आणि तिथे साधा छोटा अँटेनाच बरा ठरतो.

अँटेना वर आणि मोडेम खाली पंपघरात ठेवून मधे केबल सोडणे हा रिवाज आहे. नेहमीची आरजी-५८ केबल या कंप्रतेला मीटरमागे अर्ध्या डीबीहून अधिक खाते. दहा मीटर केबलमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास ताकद उष्णता होऊन संपते, आणि येणाऱ्या क्षीण संदेशाचेही तेच होते. त्यापेक्षा पाणी न शिरणाऱ्या डब्यात मोडेमच वर, अँटेनाला चिकटून बसवावा आणि खाली आरएस-४८५ ची तार आणावी. ती बाराशे मीटरपर्यंत अक्षरे बिनचूक नेते, दहा मीटरचे तिला काहीच नाही. डब्यात तारा नेहमी तळातून घ्याव्यात आणि भोक रबरी ग्लँडने घट्ट बुजवावे, नाहीतर पहिल्या पावसाआधीच मुंग्या घर करतात. टेकडीवरचा लोखंडी पाइप विजेला आमंत्रण देतो, म्हणून त्याला स्वतंत्र अर्थिंग आणि अँटेनाच्या तोंडाशी सर्ज अरेस्टर लावल्याशिवाय मृग गाठू नये.

हे सगळे वर चढवण्याआधी दोन्ही मोडेम टेबलावर जुळवून घ्यावेत. क्रम महत्त्वाचा आहे. आधी अँटेना लावायचा, मग वीज द्यायची. अँटेनावाचून प्रक्षेपण केले तर ताकद परतून आतला भाग जाळू शकते. कनेक्टरही नीट पाहावा. एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन प्रकार बाहेरून जुळे दिसतात, आटे बसतात, पण मधली सुई मधल्या छिद्रात बसतच नाही आणि दुवा शंभर फुटांवर संपतो. दोन्ही मोडेम अगदी जवळ ठेवले तर ऐकणाऱ्याचा कान बधिर होतो, म्हणून खोलीच्या दोन टोकांना ठेवून कमीत कमी ताकदीवर सुरुवात करावी.

संगणकाशी जोडणी सिरियल तारेने होते. एकाचा पाठवणारा पाय दुसऱ्याच्या ऐकणाऱ्या पायाला, आणि ग्राउंड दोघांचा एक. मोडेमचे पाय ३.३ व्होल्टचे असतील तर जुन्या यंत्रांच्या आरएस-२३२ पोर्टला ते थेट जोडू नयेत, त्या पोर्टवर याच्या कितीतरी पट व्होल्टेज असते. मधे रूपांतरक लागतो. मग जुळणी. बाजारात सहज मिळणाऱ्या एका चिनी मॉड्यूलची तऱ्हा सांगतो, बाकीचे थोड्याफार फरकाने असेच. त्याला एम-झीरो आणि एम-वन असे दोन पाय आहेत. दोन्ही खाली म्हणजे नेहमीचे काम, दोन्ही वर म्हणजे जुळणी. जुळणीत असताना त्याच्याशी ९,६०० च्याच वेगाने, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असे बोलावे लागते. सी१ ही संख्या तीनदा पाठवली की तो आपली सध्याची जुळणी वाचून दाखवतो. पहिले काम हेच करावे. उत्तर आले म्हणजे तारा बरोबर, वीज बरोबर, मोडेम जिवंत.

आता या मॉड्यूलमध्ये वाहिनी क्रमांकाने निवडतात आणि ८६२ मध्ये तो क्रमांक मिळवला की मेगाहर्ट्झ मिळतात. कारखान्यातून तो ६ वर येतो, म्हणजे ८६८. आपल्याकडच्या पट्ट्याच्या अगदी काठावर, आणि टॉवरच्याही शेजारी. ३ ठेवला तर ८६५ येते, पण १२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या लहरीचा अर्धा भाग पट्ट्याखाली सांडतो. ४ म्हणजे ८६६, पट्ट्याच्या आत दोन्ही बाजूंनी सुरक्षित. तेच ठेवावे. पत्ता, वाहिनी आणि हवेतला वेग या तीन गोष्टी दोन्ही टोकांना तंतोतंत सारख्या हव्यात. एकात जरी फरक पडला तरी पूर्ण शांतता. अर्धवट काम, अडखळते काम असे काही होत नाही, आणि नवशिक्याला ती शांतता फार छळते. दोन मोडेम बोलत नसतील तर आधी जुळणी वाचून शेजारी-शेजारी ठेवून ताडावी, मग तारा, मग अँटेना.

तारेवरचा वेग आणि हवेतला वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. तारेवर ९,६०० म्हणजे सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे. हवेत २,४०० बिट म्हणजे फार तर तीनशे. तारेवरून धडाधड अक्षरे ओतत राहिले तर मोडेमची छोटी साठवण भरते आणि उरलेली अक्षरे निमूट टाकली जातात. म्हणून निरोप छोटा ठेवावा आणि मोडेमच्या ‘मी मोकळा आहे’ सांगणाऱ्या पायाकडे पाहून पुढचा पाठवावा. टाकीची बातमी पन्नास अक्षरांच्या आत सहज बसते.

निरोपात काय असावे? टाकीचा क्रमांक, निरोपाचा चढता अनुक्रमांक, पाण्याची पातळी, बॅटरीचे व्होल्टेज आणि शेवटी सीआरसी हा पडताळा. आधीच्या सगळ्या अक्षरांतून काढलेली ही संख्या पंपाकडचे यंत्र पुन्हा काढून पाहते. जुळली नाही तर निरोप फेकून द्यायचा, दुरुस्त करायला जायचे नाही. चुकीच्या आकड्यावर पंप चालवण्यापेक्षा आकडा न मिळणे कधीही बरे. अनुक्रमांकाचे काम दुहेरी आहे. मधले क्रमांक गळाले की दुवा खालावतोय हे कळते, आणि जुना निरोप कुणी मुद्दाम पुन्हा वाजवला तर तो ओळखता येतो. हे मोडेम खुले असतात. तीच वाहिनी, तोच पत्ता लावून कुणीही आपले निरोप ऐकू शकतो आणि स्वतःचे घुसवू शकतो. दोन्ही टोकांच्या कार्यक्रमात गुप्त किल्ली ठेवून निरोपावर तिची सही घालणे अवघड नाही. गावाच्या पाण्याबाबत ही काळजी अनाठायी म्हणता येणार नाही.

टाक्या दोन-तीन असतील तर अब्रामसनांची पद्धत आठवावी. सगळ्यांनी बरोबर दर मिनिटाला बोलायचे ठरवले तर कधीतरी त्यांची घड्याळे जुळतात आणि मग टक्कर एकदाच न होता दर मिनिटाला होत राहते. प्रत्येकाने मिनिटात काही यादृच्छिक सेकंद मिळवावेत. त्याहून सोपे म्हणजे पंपाकडच्या मोडेमने नाव घेऊन विचारावे आणि ज्याला विचारले त्यानेच उत्तर द्यावे. टक्कर होतच नाही. यात टाकीकडचा मोडेम सतत कान देऊन जागा राहतो, पण त्याला वीज फार लागत नाही. मोडेम, नियंत्रक आणि पातळीमापक मिळून ४० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला एक अँपिअर-तास. बारा व्होल्टची ७ अँपिअर-तासांची बॅटरी पाच-सहा दिवस ऊन न पडताही तग धरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात आठवडाभर ऊन पडत नाही, तिथे बॅटरी दुप्पट घ्यावी.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचा नियम, जो पंपाकडच्या यंत्रात लिहिलेला असलाच पाहिजे: पाच मिनिटांत एकही खरा निरोप आला नाही तर पंप बंद. ‘भरली, बंद कर’ एवढाच निरोप पाठवणारी मांडणी मला धोक्याची वाटते, कारण तो एकच निरोप हरवला तर पाणी रात्रभर वाहते. त्याऐवजी टाकीने सतत ‘अजून जागा आहे’ असे सांगत राहावे आणि ते सांगणे थांबले की पंपाने थांबावे. अँटेना पडला, बॅटरी संपली, उंदराने तार कुरतडली, काहीही झाले तरी परिणाम एकच. चालू-बंदच्या पातळ्यांतही अंतर ठेवावे. चाळीस टक्क्यांखाली चालू, पंचाण्णववर बंद. नाहीतर लाटेने पातळी हलली तरी स्टार्टर खटखटत राहतो आणि मोटर जळते. विहिरीतले पाणी तळाला गेल्यावर पंप थांबवणारे संरक्षण मात्र पंपापाशीच, तारेने जोडलेले असावे, त्याला रेडिओवर सोपवू नये.

काम सोपवण्याआधी ते मुद्दाम बिघडवून पाहावे. पंप चालू असताना टाकीकडची बॅटरी काढावी आणि घड्याळ लावून बसावे, पाच मिनिटांत पंप थांबला पाहिजे. पुन्हा जोडावी, तो आपोआप सावरला पाहिजे. पातळीमापकाची तार उपटावी, यंत्राने शून्य टक्के न समजता बिघाड समजला पाहिजे. हे पाणी सोडणाऱ्या माणसासमोर करावे, त्याच्याच हातून करवून घ्यावे, कारण पुढची दहा वर्षे हे सगळे तोच सांभाळणार आहे. ‘स्वयंचलित–हाती’ असा जाडजूड स्विच त्याच्यासाठी ठेवावा. डब्याच्या दाराच्या आतल्या बाजूला वाहिनी, पत्ता, वेग, ताकद, जुळणीची तारीख आणि त्या दिवशी शंभरातले किती निरोप पोचले, हे लिहिलेला लॅमिनेट केलेला कागद चिकटवावा. ग्रामपंचायतीच्या कपाटात एक जादा मोडेम हीच जुळणी घालून तयार ठेवावा. दिवाळीनंतर, ऊस उभा असताना, शंभर निरोपांची चाचणी एकदा पुन्हा घ्यावी आणि आलेला आकडा त्याच कागदावर खाली लिहावा.